पेटीतल्या संगणकाची पाककृती

शाळेच्या कार्यालयात भिंतीवर बसवलेली वाय-फायची लहानशी पेटी आपण रोज पाहतो. तिला पडदा नाही, कळफलक नाही. समोर चारपाच दिवे तेवढे लुकलुकत असतात. हाही एक संगणकच आहे असे सांगितले, तर विद्यार्थ्यांना ते चटकन पटत नाही. पण या पेटीत मायक्रोप्रोसेसर असतो, स्मृती असते आणि एकमेकींच्या आधाराने चालणाऱ्या अनेक आज्ञावल्या असतात. दुसऱ्या यंत्राच्या पोटात राहून ठराविक काम करणाऱ्या अशा संगणकाला अंतःस्थापित किंवा ‘एम्बेडेड’ संगणक म्हणतात. टीव्हीजवळच्या सेट-टॉप बॉक्समध्ये तो असतो, कारखान्यातील यंत्रांत आणि मोटारींतही असतो.

आता प्रश्न असा, की या पेटीत एखादी नवी आज्ञावली घालायची असेल तर काय करावे लागते? पेटीपुढे बसून ती लिहिता येत नाही, कारण लिहायला काही साधनच नाही. याचे उत्तर थोडे अनपेक्षित आहे: त्या आज्ञावलीची ‘कृती’ लिहावी लागते. स्वयंपाकाच्या पुस्तकात असते तशी. साहित्य काय, ते कोठून आणायचे, आधी काय करायचे, नंतर काय करायचे. ही कृती लिहिण्याची रीत तयार व्हायला सुमारे पंचवीस वर्षे लागली. त्या प्रवासाची ही हकीकत.

घडवायचे इथे, चालवायचे तिथे

आज्ञावली माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिली जाते. तिला सोर्स कोड किंवा मूळ मजकूर म्हणू. प्रोसेसरला मात्र फक्त त्याची स्वतःची यंत्रभाषा समजते. मूळ मजकुराचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला कंपायलर म्हणतात. प्रत्येक जातीच्या प्रोसेसरची यंत्रभाषा वेगळी असते. त्यामुळे टेबलावरच्या संगणकासाठी तयार केलेली आज्ञावली पेटीत जशीच्या तशी चालत नाही.

मग पेटीतच कंपायलर का ठेवू नये? जागा नसते म्हणून. घडवण्याचे काम मोठ्या संगणकावर करावे आणि तयार वस्तू लहान संगणकात भरावी, हाच मार्ग उरतो. तो जुना आहे. १९७५ साली बिल गेट्स आणि पॉल अॅलन यांनी ‘अल्टेअर’ या छोट्या संगणकासाठी बेसिक भाषा तयार केली, तेव्हा त्यांच्याजवळ अल्टेअर नव्हताच. अॅलन यांनी हार्वर्ड विद्यापीठातील पीडीपी-१० या मोठ्या संगणकाला अल्टेअरमधील ८०८० प्रोसेसरची नक्कल करायला लावले. तयार आज्ञावली कागदी फितीवर छिद्रांच्या रूपाने उतरवून ती अल्बुकर्की या गावी नेली. खऱ्या अल्टेअरवर ती प्रथम तिथेच चालली. एका यंत्रावर बसून दुसऱ्या यंत्रासाठी आज्ञावली तयार करण्याच्या या पद्धतीला ‘क्रॉस’ बांधणी म्हणतात. पेटीतले संगणक आजही बहुतेक असेच तयार होतात.

काय बदलले, तेवढेच पुन्हा करा

मोठी आज्ञावली एका फाइलीत मावत नाही. ती अनेक फाइलींत विभागलेली असते आणि एक भाग दुसऱ्यावर अवलंबून असतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ साली स्टीव्ह जॉन्सन यांची एक सकाळ फुकट गेली. एका आज्ञावलीतील चूक ते शोधत होते. चूक मूळ मजकुरात आधीच सुधारलेली होती, पण तो भाग पुन्हा कंपाइल करायचा राहिला होता. त्यांची ही तक्रार ऐकून स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाची आज्ञावली लिहिली.

मेकची कल्पना शिक्षकांना लगेच कळेल. वार्षिक निकालपत्रक विषयवार गुणांच्या तक्त्यांवरून तयार होते. गणिताच्या तक्त्यात एका विद्यार्थ्याचे गुण दुरुस्त झाले, तर त्याची बेरीज आणि त्यावर अवलंबून असणारा क्रमांक एवढेच पुन्हा करावे लागते. सगळ्या वर्गाच्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासत नाहीत. मेक नेमके हेच करते. ‘ही वस्तू या वस्तूंपासून बनते आणि अशी बनते’ एवढे एका फाइलीत लिहून ठेवायचे. साहित्याची वेळ तयार वस्तूच्या वेळेनंतरची असेल, तर ती वस्तू शिळी झाली असे समजून मेक ती पुन्हा बनवते. बांधणीचे ज्ञान माणसाच्या डोक्यातून निघून लिखित स्वरूपात आले, ते इथे.

एक गमतीची गोष्ट. मेकच्या फाइलीत आज्ञेची ओळ ‘टॅब’ या अदृश्य चिन्हानेच सुरू व्हावी लागते. साध्या मोकळ्या जागा चालत नाहीत आणि डोळ्यांना फरक दिसत नाही. हा नियम गैरसोयीचा आहे हे फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आले. पण तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते, त्यांना त्रास नको म्हणून त्यांनी तो बदलला नाही. जवळपास पन्नास वर्षे नवशिके त्या टॅबला अडखळत आले आहेत.

स्वतः चौकशी करणारी आज्ञावली

पुढची अडचण वेगळ्या दिशेने आली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८७ मध्ये त्यांचा जीसीसी हा कंपायलर प्रसिद्ध झाला. मूळ मजकूर सर्वांना खुला असलेल्या आज्ञावल्या हातोहात पसरू लागल्या. पण घेणाऱ्यांचे संगणक निरनिराळ्या कंपन्यांचे, निरनिराळ्या घडणीचे. एकावर असलेली सोय दुसऱ्यावर नसे. यावर १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ‘ऑटोकॉन्फ’ तयार केले. त्यामुळे आज्ञावलीबरोबर ‘कॉन्फिगर’ नावाची एक चौकस फाइल येऊ लागली. ती संगणकाला शेकडो प्रश्न विचारते. अमुक सोय आहे का? पाहण्यासाठी ती दोनचार ओळींची चाचणी-आज्ञावली तयार करते, चालवून बघते आणि उत्तर टिपून ठेवते.

ही युक्ती उत्तम, पण तिच्यात एक गृहीतक लपलेले होते: आज्ञावली जिथे घडते तिथेच ती चालणार. पेटीसाठी बांधणी करताना ते खोटे ठरते. पेटीसाठी बनवलेली चाचणी टेबलावरच्या संगणकावर चालतच नाही. मग उत्तरे बाहेरून पुरवावी लागतात. दुसरा धोका अधिक फसवा होता. कॉन्फिगरने एखादी उपयोगी फाइल शोधली आणि ती टेबलावरच्या संगणकाची सापडली, तर ‘आहे’ अशी नोंद होई. बांधणी कधी मध्येच अडे, कधी सुरळीत पार पडे, आणि पेटीत भरल्यावर आज्ञावली चालत नसे. अशा वेळी काय करायचे, हे ज्याने त्याने आपल्या वहीत टिपलेले असे. एकाला जमलेले दुसऱ्याला जमेलच याची खात्री नव्हती.

बिल्डरूट: सगळ्या कृती एका वहीत

याच काळात लहान जागेत बसणाऱ्या आज्ञावल्या तयार होत होत्या. १९९५ मध्ये ब्रूस पेरेन्स यांनी डेबियन या लिनक्स संचाच्या उभारणीसाठी ‘बिझीबॉक्स’ लिहिला. लिनक्सच्या नेहमीच्या अनेक छोट्या आज्ञा एकाच आज्ञावलीत एकवटून त्यांनी त्या एका फ्लॉपीवर बसवल्या. पुढे एरिक अँडरसन यांनी बिझीबॉक्सचे काम पाहिले. त्याचबरोबर लिनक्सवरील आज्ञावल्यांना पायाभूत लागणाऱ्या सी लायब्ररीचे ‘यूसीलिबसी’ हे लहान रूपही त्यांनी विकसित केले. पण नवी लायब्ररी नीट चालते की नाही हे तपासायचे, तर तिच्यावर आधारलेली संपूर्ण यंत्रणा पुन्हापुन्हा बांधून पाहायला हवी. त्या गरजेतून २००१ च्या सुमारास यूसीलिबसीच्या कार्यकर्त्यांनी ‘बिल्डरूट’ उभारले. ते मेकवरच आधारलेले आहे. आधी पेटीच्या प्रोसेसरसाठी क्रॉस कंपायलर, मग लायब्ररी, मग एकेक आज्ञावली आणि शेवटी पेटीत भरण्याजोगी एकसंध प्रतिमा, हे सारे ते एका आज्ञेत करते. २००९ पासून पीटर कोर्सगार्ड यांनी त्याची व्यवस्था पाहिली आणि त्याच्या ठराविक काळाने आवृत्त्या निघू लागल्या.

बिल्डरूटमध्ये नवे पॅकेज घालणे म्हणजे तिच्या नावाचा एक कप्पा करून त्यात दोनतीन छोट्या फाइली ठेवणे. पहिली फाइल निवडयादीसाठी असते. पॅकेजचे नाव, ते कशासाठी आहे आणि कशाशिवाय चालणार नाही, हे तिच्यात लिहितात. दुसरी फाइल म्हणजे खरी कृती: आवृत्ती कोणती, मूळ मजकूर कोठून आणायचा, आधी कोणती पॅकेजे तयार हवीत, परवाना कोणता. त्यानंतरच्या पायऱ्या ठरलेल्या असतात: आणणे, उलगडणे, ठिगळे लावणे, कॉन्फिगर करणे, बांधणे, जागेवर ठेवणे. ऑटोकॉन्फवर आधारलेल्या पॅकेजसाठी या पायऱ्या बिल्डरूटला आधीच ठाऊक असतात. त्यामुळे कृती कित्येकदा दहापंधरा ओळींतच संपते. तिसऱ्या फाइलीत आणलेल्या मजकुराचा ‘हॅश’ असतो. हा त्या मजकुरावरून गणिताने काढलेला अंगठ्याचा ठसाच समजा. मजकुरात एक अक्षर बदलले तरी तो जुळत नाही.

यातील एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. तयार वस्तू दोन ठिकाणी ठेवल्या जातात. एका ठिकाणी फक्त पेटीत जाणाऱ्या वस्तू असतात. दुसऱ्या ठिकाणी पुढच्या पॅकेजच्या बांधणीला लागणाऱ्या वस्तूही असतात. इमारत बांधताना परांची लागते, पण रहिवाशांना ती देत नाहीत, तसेच हे. टेबलावरच्या संगणकाच्या फाइली चुकून घेतल्या जाण्याचा धोकाही अशा स्वतंत्र कोठारामुळे आटोक्यात येतो.

कृती कोणाच्या मालकीची?

डिसेंबर २००२ मध्ये लिंकसिस कंपनीने डब्ल्यूआरटी५४जी नावाची वाय-फाय पेटी बाजारात आणली. २००३ मध्ये सिस्को कंपनीने लिंकसिस विकत घेतली. त्याच वर्षी काही जाणकारांच्या लक्षात आले, की या पेटीत लिनक्स आणि बिझीबॉक्स आहेत. दोन्हींचा परवाना जीपीएल. म्हणजे वापरा, बदला, विका, पण घेणाऱ्याला मूळ मजकूरही द्या. कंपनीने तो दिलेला नव्हता. तगादा लागल्यावर २००३ मध्ये तो प्रसिद्ध करण्यात आला.

१९९१ च्या जीपीएलमधील एक तरतूद इथे फार महत्त्वाची आहे. पूर्ण मूळ मजकूर कशाला म्हणायचे, हे सांगताना तिने बांधणी आणि स्थापना नियंत्रित करणाऱ्या फाइलींचाही त्यात समावेश केला आहे. म्हणजे नुसते साहित्य दिले आणि कृती दाबून ठेवली, तर ते देणे पुरे होत नाही.

त्या मजकुराच्या आणि बिल्डरूटच्या आधाराने जानेवारी २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीच्या डब्ल्यूआरटी५४जी पेटीत कायम स्मृती होती फक्त ४ मेगाबाइट. एवढ्या जागेत स्वयंसेवकांनी उत्पादकाने न दिलेल्या सोयी बसवल्या. पुढे शेकडो प्रकारच्या पेट्यांसाठी तिथे कृती लिहिल्या गेल्या. २००३ मध्येच सुरू झालेल्या ‘ओपनएम्बेडेड’ या प्रकल्पात तर अशा फाइलीला नावच ‘रेसिपी’ असे आहे. याचा व्यवहारातील अर्थ सरळ आहे. उत्पादकाने लक्ष काढून घेतल्यावर पेटीतील सुरक्षेचा दोष कोण दुरुस्त करणार? कृती हाती असेल तर दुसरा कोणीतरी करू शकतो. नसेल तर धडधाकट पेटी भंगारात जाते, किंवा दोषासह चालू राहते.

ठसा जुळला, म्हणून माल चांगला?

मार्च २०२४ मध्ये एक इशारा मिळाला. माहिती दाबून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पॅकेजमध्ये कोणीतरी चोरदरवाजा ठेवला होता. या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ काम करून प्रकल्पात विश्वास मिळवला होता. चोरदरवाजा सुरू करणारी कळ सर्वांना दिसणाऱ्या मूळ मजकुरात नव्हती. ती वाटल्या जाणाऱ्या गठ्ठ्यातील कॉन्फिगरच्या साहित्यात होती, म्हणजे सहसा कोणी न वाचणाऱ्या कृतीतच. रोख पेट्यांवर नसून मोठ्या सर्व्हरवर होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले. त्यांनी त्याचा माग काढला आणि कट उघड झाला. इथे हॅशने काहीच वाचवले नसते. मजकूर तोच आहे एवढेच ठसा सांगतो. तो चांगला आहे असे सांगत नाही.

म्हणून २०१३ पासून डेबियन आणि इतर प्रकल्पांनी पुनरावर्ती बांधणीचा प्रयत्न चालवला आहे. दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी एकाच मजकुरापासून एकाच कृतीने बांधणी केली, तर निष्पत्ती शेवटच्या बिटपर्यंत सारखी यावी, असा हा आग्रह. प्रयोगाची कृती लिहावी, दुसऱ्याने तो करून पाहावा आणि निष्कर्ष ताडून पाहावा, हा प्रयोगशाळेतील जुनाच नियम आहे. त्यानेही वाईट मजकूर चांगला होत नाही. पण वाचलेला मजकूर आणि पेटीतली वस्तू यांच्यामध्ये कोणी काही मिसळलेले नाही, एवढे तपासता येते.

वर्गात हे संगणकाशिवायही करून पाहता येईल. एका गटाने लिंबू-सरबताची कृती लिहावी आणि दुसऱ्या गटाने, तोंडी काहीही न विचारता, फक्त लिहिलेले तेवढेच करावे. ‘चवीपुरते मीठ’ म्हणजे किती? लिंबू चिरायचे हे लिहिले आहे का? साखर नेमकी कोणत्या डब्यातली? दोन्ही गटांची सरबते चाखून पाहिली, की लिहायचे काय राहून गेले ते विद्यार्थी आपणच सांगतील.