भिंतींनी सांगितलेली खोली

३० सप्टेंबर १९९३ची पहाट आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. गणपती विसर्जन करून माणसे नुकतीच निजली होती आणि चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली सुमारे दहा हजार माणसे गेली. रिश्टर मापकावर सहाच्या थोडा वर असलेला हा भूकंप इतका घातक का ठरला? त्याचा उगम जमिनीखाली फार खोल नव्हता, हे एक कारण तज्ज्ञांनी सांगितले. तेव्हा मला प्रश्न पडला, जिथे कोणी उतरले नाही तिथली खोली मोजतात कशी?

आज ती यंत्रे सांगतात. पण यंत्रे नव्हती तेव्हाही एका माणसाने ही खटपट केली. १६ डिसेंबर १८५७ रोजी दक्षिण इटलीत मोठा भूकंप होऊन हजारो माणसे दगावली. रॉबर्ट मॅलेट हा आयरिश अभियंता लंडनच्या रॉयल सोसायटीची मदत घेऊन १८५८च्या आरंभी तिथे पोहोचला. पडक्या गावांतून हिंडत त्याने भिंतींच्या भेगांचे कोन मोजले. लाट ज्या दिशेने येते, तिला काटकोनात भिंत तडकते, असा त्याचा हिशेब होता. त्या दिशा मागे नेऊन त्याने जमिनीखालचा उगम शोधला आणि खोली काढली सुमारे साडेदहा किलोमीटर. पुढे ही रीत मागे पडली; कारण भेग कुठे पडावी, हे लाटेइतकेच भिंतीच्या बांधणीवरही अवलंबून असते.

मग हादऱ्याची तीव्रताच कामी आली. कंदील जमिनीलगत धरला तर प्रकाशाचे वर्तुळ लहान, पण लख्ख पडते. उंच धरला तर ते मोठे आणि मंद होते. भूकंपाचेही तसेच आहे. उगम उथळ असेल तर मध्यावर प्रचंड हादरा बसतो आणि तो थोड्या अंतरात ओसरतो. उगम खोल असेल तर तो दूरवर हळूहळू विरतो. हंगेरीच्या राडो कोव्हेस्लिगेथी यांनी १९०६च्या सुमारास याचे सूत्र मांडले. खडकात जिरणारी शक्ती सोडून दिली, तर मध्यापासून सुमारे एकोणीस किलोमीटरवर तीव्रता एका अंशाने उतरली, की उगम साधारण दहा किलोमीटर खोल असे समजावे.

पण ही तीव्रता ठरवायची कशावरून? भांडी पडली का, भिंत तडकली का, घर कोसळले का, यावरून. म्हणजे लोकांच्या सांगण्यावरून. म्हणूनच आधी घर कसले होते, हे विचारावे लागते. किल्लारीच्या परिसरात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड छप्पर होते. अशी घरे कमी हादऱ्यातही ढासळतात. नुसती पडलेली घरे मोजली, तर हादरा आहे त्यापेक्षा मोठा भासेल आणि खोलीचा हिशेबही चुकेल.

हिशेबाची चूक पुढे दुरुस्त होते. घराच्या बांधणीतली चूक मात्र भूकंप येण्याआधीच सुधारायला हवी. जमिनीखालची खोली आपल्या हाती नाही, डोक्यावरच्या छपराचे वजन आहे.