आयस्कझी : सेशन आणि कनेक्शन

साध्या इथरनेटवरून दूरची डिस्क घरच्या डिस्कसारखी वापरू देणारा प्रोटोकॉल. आयबीएमच्या हैफा प्रयोगशाळेतील ज्युलियन सॅट्रन हे त्याच्या मसुद्याचे प्रमुख लेखक. एप्रिल २००४ मध्ये तो आरएफसी ३७२० म्हणून प्रसिद्ध झाला. २०१४ मध्ये आरएफसी ७१४३ ने त्याची जागा घेतली. डिस्क मागणारा सर्व्हर तो इनिशिएटर, देणारी यंत्रणा ती टार्गेट. दोघांमध्ये जुळलेले नाते म्हणजे सेशन आणि त्याची वाहतूक करणारी प्रत्येक टीसीपी जोडणी म्हणजे कनेक्शन.

स्टोरेज मंद झाले की पहिला संशय डिस्कवर जातो. प्रत्यक्षात वेगाचा मोठा भाग लॉगिनच्या वेळीच ठरून गेलेला असतो. ओळख पटल्यावर दोन्ही बाजू आपापल्या मर्यादा सांगतात आणि सेशन त्यांना बांधले जाते. डेटा लिहिताना इनिशिएटरने किती भाग आपणहून पाठवायचा आणि कुठे टार्गेटच्या ‘आता पाठवा’ या निरोपासाठी थांबायचे, हे त्यातले सर्वांत महत्त्वाचे कलम. या निरोपाला आरटूटी म्हणतात. प्रमाणित मूळ मूल्यांनुसार एका आरटूटीवर जास्तीत जास्त २५६ केबी जातात आणि एका कमांडचा एकच आरटूटी एका वेळी चालू राहतो. म्हणजे १ एमबी लिहायला चार निरोप. जाऊन येण्याला अर्धा मिलिसेकंद लागत असेल, तर सुमारे दोन मिलिसेकंद नुसते थांबण्यात गेले. अनेक कमांड एकत्र चालू असल्या की हे थांबणे झाकले जाते. डेटाबेसच्या लॉगचे तसे नसते : तो छोटी नोंद लिहितो आणि उत्तर येईपर्यंत पुढे सरकत नाही. तिथे ‘इमीजिएट डेटा’ चालू असलाच पाहिजे, म्हणजे नोंद कमांडसोबतच निघते आणि एक फेरी वाचते.

एका सेशनमध्ये अनेक कनेक्शन ठेवण्याची मुभा मानकात आहे. मात्र कमांडचा अनुक्रम सबंध सेशनला एकच असल्याने एक कनेक्शन रेंगाळले तर बाकीच्यांवरच्या कमांडही अडतात. विंडोजमध्ये अनेक कनेक्शनची सोय आहे, लिनक्सच्या ओपन-आयस्कझीमध्ये नाही. प्रत्येक मार्गावर वेगळे सेशन आणि त्यांच्यावर मल्टिपाथ, म्हणजे हे सारे मार्ग एकाच डिस्कसाठी एकत्र वापरणारा थर, हीच रचना अधिक भरवशाची. त्याऐवजी दोन नेटवर्क कार्डे एलएसीपी या केबल जोडण्याच्या पद्धतीने एकत्र बांधून दुप्पट वेगाची अपेक्षा करणे चूक आहे : एका टीसीपी जोडणीची पॅकेटे एकाच केबलवरून जातात आणि १ गिगाबिटच्या केबलची कमाल मर्यादा सेकंदाला १२५ एमबी.

मल्टिपाथ लावल्यावर आणखी एक मूल्य बदलावे लागते. तुटलेले सेशन परत जुळण्याची ओपन-आयस्कझी मुळात १२० सेकंद वाट पाहते आणि तोवर कमांड अडकून राहतात. दुसरा मार्ग तयार असताना ही मुदत काही सेकंदांवर आणावी.