तळटीप १४ : शंटचा जंतुसंसर्ग

१४. शंट काढून पुन्हा बसवणे : मेंदूत साचणारे पाणी (हायड्रोकेफेलस) उतरवण्यासाठी मेंदूच्या पोकळीतून पोटापर्यंत कातडीखालून घातलेली सिलिकॉनची नळी म्हणजे शंट. तिला जंतू लागले, तर बहुधा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत लागतात. ते बहुतेकदा रुग्णाच्याच कातडीवरचे स्टॅफिलोकॉकस असतात. नळीवर ते बुळबुळीत थर धरतात आणि त्याआड औषध पुरेसे पोहोचत नाही. इंजेक्शने चालू असताना नळी का काढली, या मूळ मजकुरातील घिवलीच्या आजीच्या प्रश्नाचे उत्तर या थरात आहे.

रूढ उपचारात शंट काढून पाणी तात्पुरत्या नळीने बाहेरच्या पिशवीत घेतात आणि त्याचे कल्चर करतात. अहवाल येईपर्यंत शिरेतून व्हॅन्कोमायसिन आणि जोडीला सेफेपाइम, सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम देतात. मग जंतू पाहून औषध ठरते. ते साधारण १० ते १४ दिवस, कधी अधिक चालते. पाणी निर्जंतुक झाल्याची खात्री पटल्यावरच नवा शंट बसतो. आजीच्या कुटुंबाचा मुंबईतला मुक्काम लांबला तो यामुळे.

रिफाम्पिसिन व क्लिंडामायसिन भिनवलेल्या नळ्याही असतात. ब्रिटन-आयर्लंडमधील 'बेसिक्स' चाचणीत (२०१९) त्यांत सुमारे २ टक्के, तर साध्या व चांदीयुक्त नळ्यांत सुमारे ६ टक्के संसर्ग आढळला.

शंट असलेल्या मुलाला ताप, उलट्या, सुस्ती किंवा नळीच्या वाटेवर लाली दिसल्यास अँटिबायोटिकची गोळी देऊन वाट पाहू नये. अर्धवट औषधाने कल्चरमध्ये जंतू सापडेनासा होऊ शकतो. — संपा.