जबल हामिद : जिथे मुसलमानाला चढू देत नसत

सिसिली बेटाच्या पश्चिम टोकाला त्रापानी नावाचे बंदर आहे. बंदराच्या मागेच सुमारे ७५० मीटर उंचीचा डोंगर उभा आहे आणि त्याच्या माथ्यावर एरिचे हे दगडी गाव आहे. पालेर्मोहून बसने दोनेक तासांत त्रापानी गाठायचे, केबल कारने दहा मिनिटांत वर जायचे, दिवसभर गल्ल्यांतून हिंडायचे आणि संध्याकाळी खाली उतरायचे. इटली पाहायला गेलेले असंख्य लोक अशी एका दिवसाची सहल करतात. वारा जोराचा असेल तर केबल कार बंद ठेवतात, मग वळणावळणाच्या रस्त्याने बस पकडायची. एवढीच काय ती अडचण.

११८५ साली याच डोंगराच्या पायथ्याशी एक हाजी जहाजाची वाट पाहत थांबला होता. त्याला वर जाता येणे शक्य नव्हते. त्याने डोंगराचे खालून पाहिलेले आणि लोकांकडून ऐकलेले वर्णन लिहून ठेवले, आणि त्यात नोंदवले की इथे कोणत्याही मुसलमानाला चढू देत नाहीत.

हा हाजी म्हणजे इब्न जुबैर. तो स्पेनमधल्या ग्रॅनाडाचा, तिथल्या राज्यकर्त्याच्या पदरी लेखनिक होता. ११८३ मध्ये तो हजला निघाला. परतीच्या प्रवासात जिनोव्हाच्या ख्रिस्ती व्यापाऱ्यांचे जहाज त्याने पकडले आणि डिसेंबर ११८४ मध्ये ते मेसिनाच्या सामुद्रधुनीत फुटले. किनाऱ्यावर आणण्यासाठी होडीवाले भाडे मागू लागले. गरीब मुसलमान प्रवाशांकडे ते नव्हते. तेव्हा सिसिलीचा ख्रिस्ती राजा विल्यम दुसरा याने ते स्वतःच्या पैशातून द्यायला लावले. इब्न जुबैरची सिसिलीशी ओळख झाली ती अशी.

सिसिली त्या आधी मुसलमानांच्या हाती होती. ८२७ मध्ये उत्तर आफ्रिकेतून आलेले सैन्य माझारा इथे उतरले आणि ८३१ मध्ये पालेर्मो पडले. पुढे उत्तर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन सरदारांनी १०६१ पासून बेट जिंकायला सुरुवात केली, १०७२ मध्ये पालेर्मो घेतले आणि १०९१ मध्ये शेवटचे ठाणेही. पण राजे बदलले तरी अरबी भाषा दरबारात राहिली. रोजर दुसरा याच्या आश्रयाने अल्-इद्रिसीने ११५४ मध्ये आपला प्रसिद्ध भूगोलग्रंथ पुरा केला. विल्यम अरबी लिहू-वाचू शकत असे आणि त्याच्या मुदपाकखान्याचा प्रमुख मुसलमान होता, असे इब्न जुबैर लिहितो. नाताळच्या दिवशी पालेर्मोच्या ख्रिस्ती बायका मुसलमान बायकांसारख्या बुरखे घेऊन, मेंदी लावून, अत्तर माखून चर्चला निघालेल्या त्याने पाहिल्या.

त्रापानीत त्याला रमजान ईद मिळाली. तो जानेवारी ११८५ होता. गावातले लोक नगारे आणि कर्णे वाजवत ईदगाहकडे गेले. ख्रिस्ती राज्यात हे कसे चालते, याचे त्याला नवल वाटले. वाचणाऱ्यालाही वाटते. सिसिलीचे नॉर्मन राज्य म्हणजे सर्वधर्मसमभावाचा सुवर्णकाळ, असे जे आज सांगितले जाते त्याला असेच प्रसंग आधार देतात.

पण त्याच त्रापानीतून दिसणाऱ्या डोंगराबद्दल तो जे लिहितो तेही वाचावे लागते. या डोंगराला तो जबल हामिद म्हणतो. माथ्याला एक सुटा कडा, त्यावर किल्ला, कडा आणि डोंगर जोडणारा पूल, शेजारी ख्रिस्ती लोकांचे मोठे गाव. द्राक्षाचे मळे, शेते आणि चारशेच्या आसपास झरे आहेत, असे त्याला सांगण्यात आले. सोपी चढण एकाच बाजूने. डोंगर ज्याच्या हाती, बेट त्याच्या हाती, अशी राज्यकर्त्यांची समजूत होती. म्हणून मुसलमानाला वर मज्जाव होता. काही गडबड कानावर आली की बायकांना किल्ल्यात न्यायचे आणि पूल उचलून घ्यायचा, अशी तयारी होती.

म्हणजे खाली ईदचे नगारे आणि वर बंद वाट. दोन्ही गोष्टी एकाच राज्यात, एकाच वेळी, एकमेकींना दिसतील इतक्या जवळ होत्या. तुमचा सण चालेल, तुमची भाषा चालेल, तुमचा आचारी आणि तुमचा भूगोलतज्ज्ञ तर हवाच आहे. मात्र जिथून राज्य राखले जाते त्या जागी तुमच्यावर विश्वास नाही.

खाली राहणाऱ्यांच्या मनात काय चालले होते, तेही इब्न जुबैरने लिहिले आहे. सिसिलीच्या मुसलमानांचा पुढारी इब्न हम्मूद त्याला भेटला. परक्या मुसलमान राज्याशी संधान बांधल्याच्या संशयावरून राजाने त्याची मालमत्ता हिरावली होती. एवढा घरंदाज माणूस म्हणत होता की मी आणि माझे घरचे लोक गुलाम म्हणून विकले गेलो असतो तर बरे, निदान इथून सुटलो तरी असतो. आणखी एका प्रतिष्ठित माणसाने आपली वयात येऊ घातलेली मुलगी एका हाजीच्या हवाली केली. त्याने तिच्याशी लग्न करावे किंवा तिचे लग्न लावून द्यावे, पण तिला मुसलमान मुलखात न्यावे. घरात बापाचे मुलाशी भांडण झाले की मुलगा चर्चमध्ये जाऊन धर्म बदलेल, ही धास्ती सगळ्यांनाच होती.

आज वर गेलेला प्रवासी पोर्ता त्रापानी या वेशीतून गावात शिरतो. जुन्या तटाच्या खालच्या थरांत फिनिशियन अक्षरे कोरलेले दगड आहेत. पुढे १३१४ साली बांधलेले मुख्य चर्च लागते आणि त्याच्या शेजारी सुटा उभा असलेला मनोरा. गावाच्या दुसऱ्या टोकाला कड्यावर नॉर्मनांचा किल्ला आहे. तो व्हीनस देवीच्या देवळाच्या जागेवर बांधला आहे, आणि त्या देवळाआधी तिथे फिनिशियनांची अस्तार्ते पुजली जात होती. प्रत्येक काळाने आपला दगड ठेवला. अरब काळ मात्र इथल्या दगडांत जवळपास दिसत नाही. जबल हामिद हे नावही पुसले गेले. नॉर्मनांच्या वेढ्यात संत जुलियन शिकारी कुत्रे घेऊन प्रकटला आणि त्याने मुसलमानांना पळवून लावले, अशी दंतकथा आहे. तिच्यावरून डोंगर आणि गाव मोंते सान जुलियानो झाले. १९३४ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीत गावाला एरिचे हे प्राचीन नाव परत मिळाले. अरबी नाव परत आणावे असे कोणाला सुचण्याचा प्रश्नच नव्हता.

दगडांत नाही ते जिभेवर राहिले. त्रापानीत आजही माशाच्या रश्शाबरोबर वाफवलेला कुस्कुस खातात. शेजारच्या जिबेल्लिना गावाच्या नावात ‘जबल’ आहे, मार्सालाच्या नावात ‘मर्सा’ म्हणजे बंदर आहे. एरिचेच्या मिठाईच्या दुकानांतले बदामाचे पदार्थ ज्या साखरेवर उभे आहेत, तिचा ऊस सिसिलीत अरबांनी रुजवला. इटालियन ‘झुक्केरो’ हा शब्द अरबी ‘सुक्कर’मधून आला आणि त्याचे मूळ आपल्या ‘शर्करे’त आहे. ‘अरांचा’ म्हणजे संत्रे; तो शब्द ‘नारंज’मधून, म्हणजे आपल्या ‘नारिंगा’च्याच कुळातला.

शब्द टिकले, माणसे टिकली नाहीत. ११८९ मध्ये विल्यम निपुत्रिक वारला आणि काही महिन्यांत पालेर्मोत मुसलमानांवर हल्ले झाले. लोक पश्चिम सिसिलीच्या डोंगरांत पळाले. तिथे पुढे मुहम्मद इब्न अब्बादच्या नेतृत्वाखाली बंड उभे राहिले. सम्राट फ्रेडरिक दुसरा याने त्याला संपवले आणि १२४६ पर्यंत टप्प्याटप्प्याने हजारो मुसलमानांना बेटावरून उचलून मुख्य भूमीवरच्या लुचेरा गावी नेऊन वसवले. हाच फ्रेडरिक अरबी विद्येचा चाहता म्हणून ओळखला जातो. लुचेरातही मशिदी होत्या, काझी होता. १३०० साली चार्ल्स दुसरा याने ती वसाहत मोडली आणि बहुतेक रहिवाशांना गुलाम म्हणून विकले.

हा इतिहास वाचताना आपण मुसलमान सहसा दोन वाटांनी जातो. एक, आमच्या सोनेरी काळाच्या आठवणी काढण्याची. दुसरी, आमच्यावर झालेल्या अन्यायाची यादी करण्याची. इब्न जुबैर दोन्ही वाटा अडवतो. जबल हामिदवरच्या बायका बेटावर सर्वांत देखण्या आहेत असे सांगून तो लगेच दुआ मागतो की अल्लाहने त्यांना मुसलमानांच्या कैदेत द्यावे. पूल उचलण्याची व्यवस्था का होती, हे त्याच्याच लेखणीतून कळते. करांचेही तसेच. मुसलमानांच्या राज्यात ख्रिस्ती लोक जिझिया देत होते. नॉर्मन राज्यात तोच कर, त्याच नावाने, मुसलमान देऊ लागले. सिंहासनावरचा धर्म बदलला, पण ज्याचे राज्य त्याची मेहेरबानी आणि बाकीच्यांनी मोल देऊन राहायचे, ही रचना तशीच राहिली.

मेहेरबानी राजाबरोबर मरते. विल्यम चांगला होता आणि त्याच्या चांगुलपणाचे आयुष्य त्याच्या आयुष्याएवढेच निघाले. म्हणून कोणी आपल्या सणाला येतो, आपली बिर्याणी आणि गझल त्याला आवडते, यावर समाधान मानणे पुरेसे नसते. राज्यघटनेने दिलेला नागरिकत्वाचा हक्क कोणा विल्यमच्या स्वभावावर अवलंबून नाही, हीच त्याची किंमत. आणि तो आपल्याला हवा असेल तर जिथे आपली संख्या जास्त आहे तिथल्या इतरांसाठीही तोच मागायला हवा.

एरिचेला गेलात तर किल्ल्याच्या कठड्यापर्यंत नक्की जा. खाली त्रापानीची चिंचोळी जमीन समुद्रात घुसलेली दिसते, मिठागरे दिसतात, एगादी बेटे दिसतात. त्या किनाऱ्यापासून ट्युनिस शिडाच्या जहाजाने एका दिवसा-रात्रीच्या अंतरावर होते. ईदगाहकडे जाणारी मिरवणूक तिथेच कुठेतरी खाली होती, आणि इथला पहारेकरी तिच्यावर नजर ठेवून असणार. आता केबल कारच्या तिकिटावर कोणी धर्म विचारत नाही.