अध्ययन-उपपत्तींचे वर्गातील उपयोजन : सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात

मूल शिकते म्हणजे नेमके काय घडते, याची दोन प्रभावी उत्तरे विसाव्या शतकाने दिली. वर्तनवादाच्या मते शिकणे म्हणजे अनुभवामुळे वर्तनात होणारा टिकाऊ बदल. सराव आणि कृतीमागून येणारा परिणाम यांच्या साहाय्याने तो घडवता येतो. विकासवादी उपपत्तींच्या मते मूल जगाविषयीची समज स्वतः रचत जाते, आणि ती रचना वय, अनुभव व भोवतालची माणसे यांवर अवलंबून असते. अध्यापक-प्रशिक्षणात ही दोन प्रकरणे पाठोपाठ शिकवून त्यांतला फरक विचारला जातो, म्हणून शिक्षकाने यांपैकी एक पक्ष धरायचा असतो असा समज होतो. वर्गात मात्र प्रश्न क्रमाचा असतो : मुलाला काय उमगले आहे हे आधी पाहायचे, आणि उमगलेलेच सरावाने पक्के करायचे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी कुटुंबे शेजारी-शेजारी राहतात असे सोलापूर हा क्रम तपासायला सोयीचे आहे.

वर्तनवादाबद्दलचा एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. छडी म्हणजे वर्तनवाद नव्हे. वर्तनवादाचा प्रमुख प्रवक्ता बी. एफ. स्किनर याने शिक्षेला सातत्याने विरोध केला. शिक्षेने नको ते वर्तन तात्पुरते दबते, हवे ते शिकवले जात नाही, असे त्याचे म्हणणे होते. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळाला मनाई केली, तेव्हा वर्तनवादाचे काहीच बिघडले नाही. त्याचे खरे योगदान प्रबलनात, म्हणजे योग्य कृतीला लगेच मिळणाऱ्या प्रतिसादात आहे. पाढ्यांचे पाठांतर हे त्याचे आपल्याकडचे सर्वांत जुने क्षेत्र. पाढे म्हणजे निव्वळ घोकंपट्टी, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. सत्तेचाळीस गुणिले आठ करताना आठ साते छप्पन्न आपोआप आठवले, तरच हातच्याकडे आणि स्थानाकडे लक्ष द्यायला मन मोकळे राहते. मात्र आठ साते म्हणजे सातचे आठ गट, हे आधी कळलेले हवे.

बक्षिसांवरचा आक्षेप अधिक गंभीर आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या १९७३ च्या प्रयोगात, चित्रे काढली तर प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी कबूल केलेली बालवाडीची मुले पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. अनपेक्षितपणे तेच प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांत ही घट दिसली नाही. यावरून बक्षीस टाकाऊ ठरत नाही. मूल जे आवडीने करतेच आहे, तिथे आमिषाचा करार करू नये, एवढे ठरते. पाढ्याच्या तासाला वहीवर तारा चालेल, गोष्टीच्या पुस्तकासाठी नको.

विकासवादी बाजूला प्याजे आणि व्हिगॉट्स्की ही दोन नावे येतात, आणि दोघांचे म्हणणे एक नाही. प्याजेच्या मांडणीत साधारण ७ ते ११ या वयात मूल मूर्त वस्तूंच्या आधारे तर्क करू लागते. मणी पसरून ठेवले तरी त्यांची संख्या वाढत नाही, हे त्याला कळते. या अवस्था फार ताठर आहेत, अशी टीका झाली. मार्गारेट डोनाल्डसन आणि तिच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की मणी मोठ्या माणसाऐवजी खोडकर टेडीने हलवले तर लहान मुलांनीही बरोबर उत्तर देण्याचे प्रमाण वाढते. म्हणजे मूल पुष्कळदा संख्येत नव्हे, विचारणाऱ्याच्या हेतूत चुकत असते. अक्कलकोट तालुक्यातील कन्नडभाषक घरातल्या मुलाला पहिलीत मराठीतून प्रश्न विचारला आणि ते गप्प राहिले, तर त्याची अवस्था आली नाही की प्रश्नच पोचला नाही, हे शिक्षकाला इथे ठरवावे लागते. भाषा हे विचाराचे साधन आहे, हा व्हिगॉट्स्कीचा मुद्दा अशा वर्गात अमूर्त राहत नाही.

संख्यानामांचे उदाहरण याहून बोलके आहे. ‘बालभारती’च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर ‘वीस एक’ अशा वाचनाची पद्धत आली आणि २०१९ च्या जूनमध्ये वाद थेट विधिमंडळात पोचला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्या पद्धतीचे समर्थन केले. टीकेचा सूर भाषा बिघडवल्याचा होता. अध्ययनाचा मुद्दा त्यात बराचसा हरवला. मराठीत सुटे आधी आणि दशक मागून येतो, लिहिताना उलटे. त्यात एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंतची ‘एकोण’ने सुरू होणारी नावे वजाबाकी सांगतात आणि नव्याण्णव पुन्हा वेगळे. तेलुगूतले ‘इरवै ओकटि’ आणि कन्नडमधले ‘इप्पत्तोंदु’ मात्र वीस आधी, एक मागून, म्हणजे अंकलेखनाच्या क्रमाने येतात. सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगूभाषक पद्मशाली घरातल्या मुलाने मराठी शाळेत त्रेपन्न ऐकून ३५ लिहिले, तर आळस हे त्याचे कारण मानता येत नाही. मिलर आणि स्टिगलर यांच्या १९८७ च्या तुलनेत चिनी मुलांपेक्षा अमेरिकन मुले विशेषतः अकरा ते एकोणीस या टप्प्यावर अडखळली; चिनी नावे तिथे ‘दहा एक’, ‘दहा दोन’ अशी सरळ आहेत. रूढ नावे व्यवहारात लागतातच, हा विरोधकांचा मुद्दा बरोबर होता. पण त्यातून एवढेच निघते, की ‘पन्नास तीन’ने दशक-सुटे समजवावेत आणि त्रेपन्न हे नाव सरावाने बसवावे. दशक समजावणाऱ्या काड्यांच्या गठ्ठ्यांआधीच शंभरापर्यंतची उजळणी घोकून घेतली की हा क्रम उलटतो.

हे सारे दोन शिक्षकी शाळेत कसे जमणार, असा आक्षेप उरतो, आणि तो रास्त आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला, तो मुख्यतः पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याच्या कामाबद्दल. त्याकडे नवलाईपेक्षा अध्ययनाच्या अंगाने पाहिले तर स्किनर आठवतो. १९५३ मध्ये मुलीच्या गणिताच्या तासाला बसल्यावर त्याला दोन गोष्टी खटकल्या : सगळ्या मुलांना एकच वेग होता, आणि उत्तर बरोबर की चूक हे कळायला फार उशीर लागत होता. कोडमागची चित्रफीत पहिली अडचण हलकी करते. मूल ती हवी तितक्यांदा पाहू शकते. दुसरी ती आपोआप सोडवत नाही. पाहणे म्हणजे प्रतिसाद नव्हे. मुलाने काही केले आणि ते लगेच तपासले गेले, तरच प्रबलन घडते. एका गटाला चित्रफीत देऊन शिक्षक दुसऱ्या गटाजवळ बसू शकतो, हा तिचा खरा फायदा. इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करण्याला आधारही आहे : मुंबई व वडोदरा येथील ‘प्रथम’च्या बालसखी उपक्रमात मागे पडलेल्या मुलांना वेगळे बसवून मूलभूत वाचन-गणित शिकवले गेले, आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांची प्रगती दिसली.

२०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर ज्ञानरचनावाद (मूल समज स्वतः रचते, हा विचार) हा शब्द राज्यभरच्या जिल्हा परिषद शाळांत पोचला आणि वर्गांच्या फरशा तक्त्यांनी रंगल्या. गंमत अशी, की मुलांसाठी रचनावाद आणि शिक्षकांसाठी निकष, श्रेणी व ‘प्रगत शाळा’ हा शिक्का, म्हणजे चोख वर्तनवाद, अशी ही योजना होती. जिथे शिक्का महत्त्वाचा ठरला तिथे रंगच उरला. शंभराच्या रंगवलेल्या चौकटीत उड्या मारत अंक म्हणणे हीदेखील घोकंपट्टीच असू शकते. मूल सांगितल्याबरोबर पाच दशक आणि तीन सुटे उचलून देते का, आणि ५३ मधल्या पाचाची किंमत विचारली तर पन्नास म्हणते का, यावरून पुढचा तास समजावण्याचा ठेवायचा की सरावाचा, हे शिक्षकाला ठरवता येते.