नामंजुरीचं कारण

शिक्षण खात्यातल्या अनुदानाच्या टेबलावर माझी नोकरीतली बरीच वर्षं गेली. माण-खटावच्या शाळेचा मूल्यांकनाचा प्रस्ताव असो की जत-आटपाडीच्या संस्थेचं वेतनेतर अनुदान, कागद फिरत फिरत आमच्यासारख्या कारकुनाकडे यायचाच. आवक शिक्का, क्रमांक, टिपणी, त्रुटी, पूर्तता, पुन्हा त्रुटी. या फायलींमागोमाग तक्रारीही यायच्या. काही निनावी, काही संस्थाचालकांच्या भाऊबंदकीतून आलेल्या, आणि काही अगदी खऱ्या. ‘आमच्या शेजारच्या शाळेला मिळालं, आम्हाला का नाही?’ एवढाच त्यांचा मजकूर. आमचे एक साहेब नव्या कारकुनाला पहिल्याच दिवशी शिकवायचे, “हे बघा भाऊसाहेब, उत्तर प्रत्येकाला द्यायचं, पण त्यात सांगायचं काही नाही.” मग ‘नियमानुसार कार्यवाही करण्यात येत आहे’ हे वाक्य टंकून जावक नंबर टाकला की आमच्या लेखी तक्रार निकाली निघाली.

निवृत्तीनंतर वाचनाला वेळ मिळाला तेव्हा लक्षात आलं, की सार्वजनिक पैशातून कोणाला काय द्यायचं आणि ज्याला नाकारलं त्याला काय सांगायचं, हा प्रश्न आमच्या टेबलाच्या कितीतरी आधीचा आहे. आणि त्यातली तीन मोठी प्रकरणं या ना त्या नात्यानं आमच्याच सातारा-सांगलीच्या मुलखाशी जोडलेली आहेत.

सुरुवात मात्र पुण्याच्या रमण्यापासून करावी लागते. विद्वान ब्राह्मणांना श्रावणात दक्षिणा वाटण्याची प्रथा तळेगावच्या दाभाड्यांची. खंडेराव दाभाडे हे साताऱ्याच्या शाहू छत्रपतींचे सेनापती. त्यांचा मुलगा त्र्यंबकराव 1731 मध्ये डभईच्या लढाईत बाजीरावाविरुद्ध लढताना पडला आणि पुढे हे वाटप पुण्यात पेशव्यांच्या हाती आलं. पर्वतीच्या पायथ्याशी भिंतीनं वेढलेल्या रमण्यात ब्राह्मणांना घेत आणि दारातून बाहेर पडताना प्रत्येकाच्या हातावर रक्कम ठेवत, म्हणजे एकानं दोनदा घ्यायला नको. दुबार लाभार्थी शोधायला आम्ही तक्ते जुळवत बसायचो, पेशव्यांनी ते काम भिंतीवर सोपवलं होतं. शास्त्री-पंडितांची परीक्षा घेऊन त्यांचा मान वेगळा व्हायचा. पण एखाद्याला कमी मिळालं तर त्यानं जायचं कुठं? देणारा श्रीमंत, न्याय करणारा श्रीमंत, आणि घेणारा त्याच्या पुण्याचं निमित्त. तिथं तक्रारीला जागाच नव्हती.

1818 मध्ये पेशवाई बुडाली. इंग्रजांनी ही दक्षिणा एकदम बंद केली नाही. लोक बिथरतील ही धास्ती त्यांना होती. रक्कम सुमारे 50,000 रुपयांवर आणून त्यांनी ती चालू ठेवली आणि 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. म्हणजे अनुदान टिकलं ते लोकांच्या नाराजीच्या भीतीनं. पुढं 1849 मध्ये पुण्यातल्या सुधारक तरुणांनी सरकारला अर्ज केला, की या पैशातला काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना मिळावा. त्यात लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख पुढे होते. जुन्या पक्षानं कडाडून विरोध केला. अर्जदारांना मारहाण होऊ नये म्हणून जोतीराव फुल्यांनी आपली माणसं पाठीशी उभी केली, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. सरकारनं अर्ज मानला आणि मराठी ग्रंथांना बक्षिसं देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली. याच फंडातून पुढं कॉलेजात दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. रा. गो. भांडारकर आणि न्यायमूर्ती रानडे त्यांपैकीच.

पहिलं प्रकरण सांगलीचं. याच सुमाराला तिथं देणारा राजा होता आणि घेणारा होता त्याच्या पदरचा एक तरुण, विष्णुदास भावे. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहून संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी भाव्यांना सांगितलं, की असंच पण याहून नीटनेटकं काही मराठीत करून दाखवा. 5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ झालं. आपण तो दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो आणि त्या दिवशी सांगलीत भाव्यांच्या नावचं गौरवपदक देतो. त्यानंतरचा भाग मात्र समारंभात फारसा ऐकू येत नाही. आप्पासाहेब 1851 मध्ये वारले आणि आश्रय संपला. पोशाख, पात्रं, मंडळींचं पोट यांसाठी झालेलं कर्ज भाव्यांच्या डोक्यावर राहिलं. राजाचा शब्द हाच मंजुरीचा आदेश होता. राजा गेल्यावर त्या शब्दाला दरबारात वाली उरला नाही. भाव्यांनी मंडळी गोळा केली आणि गावोगाव खेळ करत ते मुंबईपर्यंत पोचले. 1853 मध्ये ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून त्यांचे प्रयोग झाले. व्यावसायिक मराठी रंगभूमी उभी राहण्यामागं एक बंद पडलेलं अनुदान आहे, असं मला म्हणावंसं वाटतं. भाव्यांच्या ते पथ्यावर पडलं. पण अशा वेळी बाकीच्या शंभरांपैकी किती जण तगतात, हे माझ्यासारखा फायली पाहिलेला माणूस ओळखून असतो.

दुसरं प्रकरण फुल्यांचं. त्यांचं मूळ गोऱ्हे घराणं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. सावित्रीबाईंचं माहेर नायगावही सातारा जिल्ह्यातच. 1855 मध्ये जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं. एक कुणबी, त्याची गरोदर बायको, त्यांना ग्रहदशेची भीती घालून लुबाडणारा जोशी, मधूनमधून टोले हाणणारा विदूषक, आणि शेवटी शिकायला निघालेलं ते नवरा-बायको. कमिटीनं नाटक नापसंत केलं. 1849 मध्ये ज्या अर्जाच्या मागं हा माणूस उभा राहिला होता, त्या अर्जातून निघालेल्या कमिटीनंच त्याला परत पाठवलं.

फुल्यांनी तक्रार केली, पण कमिटीकडे नाही. 1873 च्या ‘गुलामगिरी’त, संवादातल्या धोंडीबाशी बोलता बोलता, ते ही हकिकत सांगून टाकतात, की कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढं युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, आपण ते नाटक बाजूला ठेवलं आणि काही वर्षांनी ब्राह्मणांच्या कसबावरचं दुसरं लहान पुस्तक स्वतःच्या खर्चानं छापलं. 1855 चा नकार आणि 1873 ची तक्रार यांत अठरा वर्षं. नाटक छापून लोकांसमोर यायला तर 1979 साल उजाडलं. कमिटीनं त्या वेळी कारण लिहून कळवलं असतं, तर ते बरोबर की चूक हे आज आपण तपासू शकलो असतो. फुल्यांनी आपली बाजू मात्र छापून ठेवली, आणि वाचकासमोर आज तीच आहे. नाकारणाऱ्यानं कारण दिलं नाही की निकालपत्र अर्जदार लिहितो.

फुले तिथंच थांबले असते तर ती एका लेखकाची नाराजी ठरली असती. 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढं दिलेल्या निवेदनात त्यांनी प्रश्न मुळापासून मांडला. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे कुठलं न्यायाचं? खेड्यातल्या पोरांना निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी. आता तक्रार ‘माझं नाटक का नाकारलं’ एवढी राहिली नव्हती. ती ‘हा पैसा कोणाचा’ अशी झाली होती. मी टेबलावर वाचलेल्या तक्रारींतही ही दोन जातकुळी होत्या. पहिली वाचली की कारकून म्हणतो, बघू. दुसरी वाचली की साहेबांनाही खुर्चीत सावरून बसावं लागतं.

तिसरं प्रकरण साताऱ्याचं. भाऊराव पाटलांचं बालपण वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकशी जोडलेलं. 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काल्यात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये ती साताऱ्याला आणली. 1927 मध्ये गांधीजी तिथल्या वसतिगृहात आले होते. सगळ्या जातींची पोरं एका पंक्तीला, बायकोचे दागिने मोडून चाललेला भटारखाना, गावोगावचा मुष्टिफंड, हे सगळं आपण लहानपणापासून ऐकलं आहे. 1948 मध्ये, गांधीहत्येनंतरच्या तापलेल्या दिवसांत, भाऊरावांच्या सरकारवरच्या टीकेमुळं मुंबई सरकारनं संस्थेचं अनुदान थांबवलं. गुन्हा बोलण्याचा आणि शिक्षा वसतिगृहातल्या पोरांना. तेव्हा आजचा सांगली जिल्हाही नव्हता. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळं हा घाव सगळ्या जुन्या जिल्ह्यावर बसला.

इथं तक्रार गेली ती वेगळ्याच वाटेनं. लोकांनी धान्य आणि पैसा दिला, वर्तमानपत्रांतून ओरड झाली, आणि गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला. अनुदान पुन्हा सुरू झालं. भाऊरावांनी तर त्याच काळात गांधीजींच्या स्मरणार्थ 101 हायस्कुलं काढण्याचा संकल्प सोडला. शेवट गोड झाला. पण माझ्यातल्या कारकुनाला यात एक खटकतंच. एका संस्थेचं रास्त अनुदान सोडवायला गाडगे महाराजांसारखा स्वतःसाठी काही न मागणारा माणूस मुख्यमंत्र्यांच्या दारात जावा लागला. ज्या शाळेच्या मागं गाडगे महाराज नाहीत, तिनं काय करायचं?

त्यानंतर राज्यानं तक्रारीसाठी बरेच दरवाजे केले. जिल्हाधिकारी कचेरीत महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन भरू लागला. महाराष्ट्राचा माहिती अधिकाराचा कायदा 2002 चा, केंद्राचा 2005 चा. त्याच सुमाराच्या विलंबास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानं सांगितलं, की फाइल एका टेबलावर कामाचे सात दिवस ओलांडून राहू नये. 2015 मध्ये लोकसेवा हक्काचा कायदा आला. माहिती अधिकार आल्यावर आमच्या टिपण्यांची भाषा बदलली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. ‘मा. साहेबांशी चर्चेनुसार’ एवढं लिहून सही मारणारे लोक नियमाचा क्रमांक शोधू लागले. उद्या कोणी टिपणीची नक्कल मागेल, या धाकाचा परिणाम वरिष्ठांच्या परिपत्रकांपेक्षा जास्त झाला.

तरीही कायम विनाअनुदानित शाळांचं काय झालं ते आठवा. 2001 पासून ‘कायम’ हा शिक्का, 2009 मध्ये तो काढला, 2016 मध्ये 20 टक्के अनुदानाचा टप्पा. मधल्या काळात मास्तर बिनपगारी शिकवत होते आणि सुट्टीत आझाद मैदानावर बसत होते. आमच्याकडे येणाऱ्या त्यांच्या अर्जांना जावक नंबर पडत होता. त्यांपैकी एक जण मला म्हणाला होता, “साहेब, नाही म्हणा, पण का नाही ते लिहून द्या. म्हणजे दुसरीकडे नोकरी बघायला मोकळा.”

नाही म्हणण्याचा अधिकार देणाऱ्याला हवाच. पैसा मोजका असतो आणि मागणारे फार. पण राजाच्या खाजगीतून निघालेला पैसा आणि रयतेच्या शेतसाऱ्यातून, आजच्या करातून निघालेला पैसा यांत फरक आहे, हे फुल्यांचं 1882 मध्येच सांगून झालं. स्वतःच्या पैशातून नाकारणाऱ्यानं खुशाल गप्प बसावं. लोकांच्या पैशातून नाकारणाऱ्यानं नामंजुरीच्या खाली कारण, नियम आणि अपील कोणाकडे करायचं ते लिहायला हवं. अर्जदारावर ती मेहरबानी होत नाही, कारकुनाला त्या कामाचाच पगार मिळतो.