यंत्रात दडलेले हात : बटर मोचीचा इतिहास

१/ ब्रेड मशीनच्या भांड्यात वितळलेले लोणी, अंडी, साखर, नारळाचे दूध आणि चिकट तांदळाचे पीठ घालून ‘केक’चे बटण दाबले की दीड-दोन तासांनी ‘बटर मोची’ तयार होते. ती कडेने खरपूस आणि आतून मऊ असते, तुकडा ओढला तर ताणला जातो. हवाई बेटांवरच्या या केकला कष्ट लागतच नाहीत असे वाटते. मग ते कष्ट गेले कुठे, याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ ‘मोची’ हा येथे जपानी शब्द आहे. पादत्राणे शिवणाऱ्या कारागिराच्या आपल्याकडील नावाशी त्याचा संबंध नाही. मोची म्हणजे वाफवलेला चिकट तांदूळ कुटून केलेला गोळा. त्यासाठीच्या उखळाला ‘उसु’ आणि लाकडी हातोड्याला ‘किने’ म्हणतात. एकाने घाव घालायचा आणि दोन घावांच्या मधल्या क्षणी दुसऱ्याने ओल्या हाताने गोळा उलटायचा. ताल चुकला तर हातच सापडायचा. नववर्षाच्या तोंडावर कुटुंबे आणि शेजारी मिळून हे काम करीत.

३/ या पदार्थाचा चिवटपणा येतो कोठून? तांदळाच्या पिष्टात अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. चिकट तांदळात जवळजवळ सगळे पिष्ट अमायलोपेक्टिनचेच. फांद्या फुटलेल्या रेणूंचे हे पिष्ट पाणी आणि उष्णता मिळताच फुगून लवचिक होते. गव्हाच्या कणकेला ताण देणारे ग्लुटेन हे प्रथिन असते. तांदळात ते नसते. हा फरक ध्यानात ठेवावा, पुढे यंत्राच्या कथेत तो पुन्हा येणार आहे.

४/ ८ फेब्रुवारी १८८५. ‘सिटी ऑफ टोकियो’ हे जहाज नऊशेहून अधिक जपानी प्रवाशांसह होनोलुलूला लागले. हवाई तेव्हा स्वतंत्र राज्य होते आणि दोन सरकारांच्या कराराने हे मजूर उसाच्या मळ्यांवर आले होते. करार तीन वर्षांचा. मासिक वेतन पुरुषाला ९ डॉलर आणि स्त्रीला ६ डॉलर, जेवणाचा भत्ता वेगळा. शेतात रोज दहा तास काम. स्त्रिया उसाची वाळलेली पाती सोलीत, तण काढीत. कित्येकजणी घरी परतल्यावर एकट्या पुरुषांचे कपडे धुऊन चार पैसे जोडीत.

५/ त्या मळ्यांवर जपानी मजूर एकटे नव्हते. चिनी त्यांच्या आधीच आलेले होते. १८७८ पासून मदेइरा व अझोर्स बेटांवरून पोर्तुगीज येऊ लागले, विसाव्या शतकाच्या आरंभी कोरियन आणि १९०६ पासून फिलिपिनो. मळेवाल्यांनी वस्त्या वांशिक गटांनुसार वेगळ्या ठेवल्या आणि वेतनही वेगवेगळे दिले. सर्वांनी मिळून संप करू नये, हा त्यामागचा सरळ हिशेब होता.

६/ तो हिशेब पुरता जमला नाही. १९२० मध्ये ओआहू बेटावर जपानी आणि फिलिपिनो कामगारांनी एकत्र संप केला. आठ हजारांहून अधिक मजूर त्यात उतरले. जेवणाच्या सुट्टीत तर कुंपणे त्याआधीच सैल झाली होती. ‘काउकाउ टिन’ हा मजुरांचा दोन खणी डबा. खालच्या खणात भात, वरच्या खणात तोंडीलावणे. शेताच्या बांधावर वरचा खण फिरू लागला आणि एकाच्या घरची चव दुसऱ्याच्या जिभेवर रुळली.

७/ पारंपरिक जपानी स्वयंपाकघरात भट्टी नव्हती आणि लोणीही नव्हते. पोर्तुगीजांनी वस्त्यांत दगडी भट्ट्या बांधल्या, लोणी-अंड्यांचा गोड पाव आणला. फिलिपिनोंनी ‘बिबिंका’ आणली : तांदळाचे पीठ आणि नारळाचे दूध एकत्र करून निखाऱ्यांवर भाजलेला केक. हे नाव वाचून गोव्याची थरांची बेबिंका आठवणे साहजिक आहे. नारळाचे दूध दोन्हींत आहे, पोर्तुगीज समुद्रमार्गांचा संदर्भही आहे. मात्र दोन्ही नावांच्या नेमक्या नात्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

८/ याच सरमिसळीतून हवाईत ‘चिची दांगो’ रुळला. मोची कुटण्याऐवजी चिकट तांदळाचे पीठ, म्हणजे ‘मोचिको’, नारळाच्या दुधात कालवून ट्रेमध्ये भाजायचे. त्यात लोणी, अंडी आणि डबाबंद आटवलेले दूध मिसळले की बटर मोची होते. या केकला कोणी एक जनक नाही. मंदिरे, चर्च आणि शाळा यांच्या मदतनिधीसाठी छापलेल्या पाककृतीच्या वह्यांतून, बहुतांशी स्त्रियांच्या हातून, असे पदार्थ बेटभर पसरले.

९/ उखळ सुटले ते पिठामुळे. मग पिठामागे कोण होते? हवाईच्या घराघरांत दिसणारी ‘ब्लू स्टार’ मोचिकोची खोकी मूळची कॅलिफोर्नियातील कोडा कुटुंबाची. केइसाबुरो कोडा जपानच्या फुकुशिमाहून आले आणि १९२० च्या दशकात त्यांनी भातशेती उभी केली. विमानातून भात पेरणाऱ्या पहिल्या काही शेतकऱ्यांत त्यांची गणना होते. १९१३ च्या कायद्याने कॅलिफोर्नियात जपानी स्थलांतरितांना शेतजमिनीची मालकी नाकारली होती. अनेक कुटुंबे अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावे जमीन घेत.

१०/ १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली. पर्ल हार्बरनंतरच्या संशयापोटी पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचे नागरिकच होते. कोडा कुटुंब कोलोरॅडोतील अमाची छावणीत गेले आणि शेती परक्यांच्या हाती राहिली. हवाईत मात्र इतक्या मोठ्या प्रमाणावर धरपकड झाली नाही : जपानी वंशाचे लोक तेथे लोकसंख्येच्या एक-तृतीयांशाहून अधिक होते आणि त्यांच्यावाचून बेटांचा गाडा चालला नसता.

११/ युद्ध संपल्यावर कोडा परतले तेव्हा उत्तम जमीन आणि अवजारे विकली गेलेली होती. उरलेल्या, हलक्या प्रतीच्या जमिनीवर कुटुंबाने पुन्हा भात पिकवला. जपानी-अमेरिकनांना नुकसानभरपाई मिळावी म्हणून केइसाबुरो झटले. १९६४ मध्ये ते वारले. अमेरिकेने अधिकृत क्षमायाचना केली आणि हयात असलेल्या बंदिवानांना प्रत्येकी २०,००० डॉलर देऊ केले ते १९८८ मध्ये. बटर मोचीच्या प्रचलित कृतीत एक पौंडाचे अख्खे खोके रिते करतात. त्या खोक्यामागे एवढे सारे आहे.

१२/ आता यंत्राकडे. जपानमध्ये तोशिबाने १९७१ मध्ये मोचीचे घरगुती यंत्र आणले आणि उखळाचे काम विजेवर गेले. पुढे ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीने आपले तीन विभाग एकत्र केले : भाताचे कुकर, उष्णतेची उपकरणे आणि मोटारीवर फिरणारी उपकरणे. घरगुती ब्रेड मशीन या मिलाफातून जन्मले. पाव करणाऱ्या या यंत्राच्या वंशावळीत भाताचा कुकर आहे, हे विसरू नये.

१३/ १९८५ मध्ये काम अडले. यंत्राने मळलेल्या कणकेचा पाव नीट होईना; कणकेचे क्ष-किरण छायाचित्र काढूनही कारण कळेना. तेव्हा इकुको तानाका ही सॉफ्टवेअर विकसक ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य पाव-कारागिराकडे शिकाऊ म्हणून राहिली. कणीक ताणताना कारागीर तिला एक पीळही देतो, हे तिने हेरले. त्यालाही ते शब्दांत सांगता आले नसते. भांड्याच्या आत खास उंचवटे बसवून अभियंत्यांनी तो पीळ यंत्रात आणला. १९८७ मध्ये यंत्र बाजारात आले आणि पहिल्याच वर्षी पाच लाखांहून अधिक विकले गेले.

१४/ गंमत अशी की बटर मोचीसाठी तो पीळ निरुपयोगी आहे. पिठात ग्लुटेनच नाही, मग तिंबायचे काय? यीस्ट नाही, म्हणून फुगण्याची वाटही पाहायची नाही. यासाठी पावाचा नव्हे, केकचाच कार्यक्रम निवडावा लागतो. पाते फक्त ढवळते आणि पुढचे काम उष्णता करते. भांडे खोल आणि अरुंद असल्याने कृती निम्मी घेणे बरे. नाहीतर कडा करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो. कोपऱ्यात कोरडे पीठ चिकटून बसते. ते सोडवायला झाकण उघडून चमचा घालावाच लागतो, आणि ऊन केक सुरीला चिकटतो म्हणून तो पुरता निवेपर्यंत थांबावे लागते.

१५/ यंत्राने कष्ट वाचवले, हे खरेच आहे. उखळापाशी उभे राहिलेल्या कोणालाही ते नाकारावेसे वाटणार नाही. पण ‘कष्टाविना’ हा शब्द इतिहासाने जपून वापरावा. या केकमध्ये महिना ६ डॉलरवर पाती सोलणाऱ्या स्त्रिया आहेत, अमाचीहून परतून दुसऱ्यांदा भात पेरणारे कुटुंब आहे आणि एका कारागिराचे हात डोळ्यांनी वाचणारी तानाका आहे. आज बटण दाबणाऱ्याच्या वाट्याला उरले आहे ते कोपऱ्यातले पीठ चमच्याने सोडवणे. तेवढे मात्र अजून हातानेच करावे लागते.

#इतिहास #खाद्यसंस्कृती